उन्हाळ्यात गोठा आणि फड

वारणानगरात साखर कारखाना आणि दूध संघ शेजारीशेजारी उभे आहेत. तात्यासाहेब कोरे यांनी कारखाना उभा केला तो १९५० च्या दशकात, दूध संघ १९६८ मध्ये. कोडोलीपासून वारणाकाठच्या गावांपर्यंत बहुतेक घरांचं पोट या दोहोंपैकी एकावर, पुष्कळदा दोहोंवर चालतं. होळीच्या सुमारास दोन्हीकडची माणसं एकाच अडचणीत सापडतात. राहिलेला ऊस उन्हात तोडावा लागतो आणि गोठ्यातली म्हैस दूध कमी करते, फॅट उतरते, फळलेली वाटणारी म्हैस पुन्हा माजावर येते. डेअरीत याला कृश काळ म्हणतात आणि तो दरवर्षी यायचाच असं धरून चालतात. मला ते पटत नाही. शरीरातली उष्णता कोणत्या वाटेनं बाहेर पडते याचा अभ्यास माणसावर आणि जनावरांवर अडीचशे वर्षं झालेला आहे. त्यातलं पुष्कळसं आपल्या गोठ्यात आणि फडात फार खर्च न करता वापरता येण्यासारखं आहे.

सुरुवात एका जुन्या प्रयोगापासून करतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. १७७४ साली लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन हे डॉक्टर काही मित्रांसह भट्टीसारख्या तापवलेल्या कोरड्या खोलीत शिरले. खोलीचं तापमान १२० अंश सेल्सिअसच्याही पुढे गेलं होतं. ते काही मिनिटं आत थांबले आणि धडधाकट बाहेर आले. त्याच खोलीत ठेवलेला मांसाचा तुकडा शिजून कडक झाला, अंडी उकडली गेली. एका कुत्रीलाही, पाय भाजू नयेत म्हणून टोपलीत बसवून, आत ठेवलं होतं. तीही सुखरूप राहिली. पण पाणी ओतून वाफ भरलेल्या खोलीत मात्र याच्या निम्म्याहून कमी तापमानाला अंगावरून पाण्याचे ओघळ लागले आणि नाडी धावू लागली. हवा किती तापली याच्याइतकंच, अंगावरचं पाणी त्या हवेत सुकतं का, यावर जिवाचं बरंवाईट ठरतं, हे तेव्हापासून कळत आलं आहे.

माणसाच्या कातडीत वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी असतात. एक लिटर घाम अंगावर पूर्ण सुकला, तर तो जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी गार होतं ते याच नियमानं, आणि पावसाळी हवेत माठ नीट गार होत नाही तेही याच नियमानं. जो घाम हनुवटीवरून टपकला किंवा सदऱ्यात मुरून चिकटला, त्यानं शरीरातलं पाणी आणि मीठ तेवढं नेलं, उष्णता जवळजवळ नेलीच नाही. म्हणून “आज काही फार ऊन नाही, नुसतंच उकडतंय” असं वाटतं तो दिवस जास्त धोक्याचा. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला आलेली १४ माणसं उष्माघातानं गेली, तेव्हा जवळपास नोंदलेलं तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. विदर्भात त्या आकड्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नसतं.

वारणेच्या खोऱ्यात हे नीट ध्यानात घ्यायला हवं. चारी बाजूंना पाणी दिलेला ऊस उभा आहे, नदी आहे, पाट आहेत. हवा सोलापूरसारखी कोरडी नसते, आणि उभ्या फडाच्या आत तर वाराच फिरत नाही. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी तरुण, निरोगी माणसांवर प्रयोग करून २०२२ मध्ये दाखवलं की, दमट हवेत ओल्या फडक्याचा तापमापक ३०–३१ अंशांवर गेला की हलकं काम करतानाही शरीराचं तापमान थांबत नाही, चढतच जातं. त्याआधी ही मर्यादा ३५ अंश मानली जात होती.

हा ओल्या फडक्याचा तापमापक तुम्ही घरी करू शकता. साधे दोन तापमापक सावलीत शेजारी टांगा, एकाच्या फुग्याला सुती चिंधी गुंडाळून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. दोन आकड्यांत १० अंशांहून जास्त फरक असेल तर हवा कोरडी आहे, घाम सुकेल, भिजवलेलं गोणपाट काम करेल. फरक ५ अंशांच्या आत आला की पाणी मारून काही साधत नाही, वारा लागतो. गोठ्याच्या खांबाला ही जोडी लावलीत तर रोज काय करायचं ते तिथंच कळेल.

म्हशीचं शरीर

गाय थोडीफार घामेजते. देशी, वशिंडाची गाय संकरित होल्स्टीनपेक्षा चांगली घामेजते. तिची सैल पोळी, आखूड चकचकीत केस, सगळं उन्हासाठीच आहे. म्हशीला निसर्गानं वेगळी वाट दिली. तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गाईच्या मानानं फारच कमी, केस विरळ आणि कातडी काळी. सावलीत आणि पाण्यात तिला हीच कातडी फायद्याची, कारण पातळ केसांतून उष्णता झटकन पाण्याला देता येते. उन्हात मात्र तीच कातडी ऊन शोषून घेते आणि बाहेर टाकायला घाम नसतो. म्हणून म्हैस डबक्यात जाऊन बसते. तिला घामाऐवजी बाहेरचं पाणी लागतं. पंढरपुरी असो, मुऱ्हा असो की मेहसाणा, ही गरज सगळ्यांची.

दुभत्या जनावराला उष्णतेचा त्रास कुठून सुरू होतो, हे मोजायला अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात सॅम्युअल ब्रॉडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस खास खोल्या बांधल्या. त्यात तापमान आणि दमटपणा हवा तसा ठेवून होल्स्टीन, जर्सी आणि आपल्याकडून गेलेल्या वशिंडाच्या गाईंच्या वंशातल्या ब्राह्मन गाई शेजारीशेजारी तपासल्या. अशा कामातूनच तापमान आणि आर्द्रता एकत्र मोजणारा निर्देशांक पशुपालनात रुळला. हा आकडा ७२ च्या वर गेला की दुभत्या गाईला ताण सुरू झाला असं धरतात. जास्त दूध देणाऱ्या होल्स्टीनला तर ६८ पासूनच. त्याच्या सूत्रात आकडे घालून पाहिलं तर डोळे उघडतात. ३८ अंश तापमान आणि ३० टक्के आर्द्रता असेल तर निर्देशांक ८४ येतो. ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तरीही तो ८४ च येतो! पावसाळ्यातली २६ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची रात्रही ७७ वर असते. मोबाईलवर ३२ अंश बघून “आज गार आहे” म्हणत पंखा बंद केला, तर दूध संध्याकाळी उतरतं ते यामुळे.

एवढं असूनही जनावर स्वतः जे सांगतं ते सगळ्या आकड्यांपेक्षा खरं. दुपारी तीनच्या सुमारास गोठ्यात जा, घड्याळ हातात घ्या आणि कुशीची हालचाल अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. गाईचा श्वास मिनिटाला ६० च्या वर गेला असेल तर तिला ताण आहे. तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळ गळतेय आणि मान पुढे ताणलेली असेल तर वाट बघू नका, लगेच पाणी मारायला घ्या. म्हशीचा निवांत श्वास २० च्या आसपास असतो. तो दुप्पट झाला की तिच्याकडे लक्ष द्या. गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप बघायची सवय ठेवा. १०१–१०२ फॅरनहाइट ठीक, १०२.५ च्या वर गेलं की उष्णता साठू लागली आहे. ऊन लागलेल्या जनावराचा ताप पहाटे उतरलेला असतो. पहाटेही तो चढलेलाच असेल, किंवा पाणी आणि वारा देऊन तासाभरात खाली आला नाही, तर ते ऊन नव्हे. गोचीडताप किंवा दुसरं दुखणं असू शकतं. तेव्हा पशुवैद्यकांना बोलवा. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

आता पाणी मारण्याची रीत. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा बादलीभर ओतून भागत नाही. कातडीपर्यंत भिजवा, मग वारा द्या, ती सुकत आली की पुन्हा भिजवा. एक-दोन मिनिटं फवारा आणि दहा-पंधरा मिनिटं पंखा, असं दुपारभर चालू ठेवलं तर थोड्याच पाण्यात काम होतं, कारण गारवा येतो तो पाणी सुकताना. पंखा नसलेल्या, बंदिस्त गोठ्यात बारीक धुकं सोडणारे फॉगर लावणं मला चूक वाटतं: हवा आणखी दमट होते आणि जनावर होतं तिथंच राहतं. धारेच्या वेळी मात्र कासेवरून पाणी ओघळता कामा नये. सडावरून घाण पाणी गेलं की दगडीला आमंत्रण मिळतं. साचलेल्या डबक्यात बसवण्यापेक्षा स्वच्छ पाण्याचा फवारा चांगला, त्यातून लेप्टोस्पायरा आणि यकृतातल्या चपट्या कृमींची भीती तरी टळते.

छप्पर पत्र्याचं असेल तर दुपारी पत्राच वरून शेकत असतो. त्यावर उसाचं पाचट जाड अंथरा, वाऱ्यानं उडू नये म्हणून जाळीनं बांधा, ठिणगीपासून जपा. पाचट नसेल तर पांढरा चुना मारा. नवा गोठा बांधणार असाल तर लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, बाजू मोकळ्या ठेवा, छप्पर उंच घ्या. मुक्तसंचार गोठ्याचा एक फायदा फारसा बोलला जात नाही: सावली सरकेल तसं जनावर स्वतः सरकतं, दाव्याला बांधलेलं सरकू शकत नाही.

पिण्याच्या पाण्याबद्दल आपण हात आखडता घेतो. एक लिटर दूध तयार व्हायला चार-पाच लिटर पाणी पोटात जावं लागतं, आणि उन्हाळ्यात श्वासावाटे जाणारं वेगळं. दिवसातून दोनदा पाजणं पुरत नाही, पाणी समोर हवं आणि गार हवं. उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातून येणारं पाणी चहासारखं तापलेलं असतं. त्याला म्हैस तोंड लावून सोडून देते आणि आपण म्हणतो, तिला तहान नाही. पाइप जमिनीत गाडा, हौदावर सावली करा.

वैरणीचं गणित जनावराच्या पोटातल्या भट्टीशी जोडलेलं आहे. कोठीपोटात वैरण आंबते तेव्हा उष्णता तयार होते आणि खाल्ल्यावर तीन-चार तासांनी ती भरात येते. सकाळी दहाला भरपूर कडबा टाकला तर बाहेरचं ऊन आणि आतली उष्णता दुपारी एकाच वेळी गाठतात. म्हणून वैरणीचा मोठा वाटा संध्याकाळी उशिरा, रात्री आणि पहाटे द्या. धापा टाकणाऱ्या जनावराची लाळ गळून जाते. लाळेतला सोडा कोठीपोटाची आम्लता धरून ठेवतो. तो गेला की पचन बिघडतं आणि फॅट उतरते. खाण्याचा सोडा खुराकात घालायचा तो यासाठी, पण मात्रा पशुवैद्यकांना विचारून. माणसाच्या घामातून मुख्यतः सोडियम जातं, गाईच्या घामातून पोटॅशियम जास्त जातं, तेव्हा नुसत्या मिठाच्या खड्यावर न राहता खनिज मिश्रण चालू ठेवा. हंगामात फुकट मिळतात म्हणून नुसती उसाची वाढी घालणं हे आपल्या भागातलं दुखणं आहे. वाढ्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ते दुधाला, हाडाला मिळत नाही. त्यात हिरवी मका, लसूणघास, कडबा मिसळलाच पाहिजे.

ऊन लागलं की जनावर कमी खातं, म्हणून दूध कमी होतं, असं आपण समजतो. लान्स बॉमगार्ड आणि रॉबर्ट कोलियर यांच्या गटानं ॲरिझोनात हे नीट तपासलं. काही गाई उष्ण खोलीत ठेवल्या. काही गार खोलीत ठेवून त्यांना उष्ण खोलीतल्या गाई खात होत्या तेवढंच खायला घातलं. दोघींचं खाणं सारखं असूनही उष्ण खोलीतल्या गाईंचं दूध पुष्कळ जास्त घटलं. खाणं कमी झाल्यानं होणारी घट एकूण घटीच्या निम्म्याच्या आसपासच निघाली. उरलेली घट शरीर आतल्या आत आपली साखर आणि ऊर्जा दुसरीकडे वळवतं म्हणून होते. दूध कमी झालं म्हणून पेंड वाढवली तर ते पैसे वाया जातात, ते यामुळे. आधी जनावर गार करा, मग खुराक बघा.

ज्या जनावराकडे सर्वांत कमी लक्ष जातं ते म्हणजे आटलेली गाभण म्हैस. दूध देत नाही म्हणून ती गोठ्याच्या कडेला, पत्र्याच्या तापत्या टोकाला बांधली जाते. फ्लोरिडात जेफ्री डाल यांच्या गटानं वर्षानुवर्षं केलेल्या प्रयोगांत दिसलं की, विण्याआधीच्या आटलेल्या काळात ज्या गाईंना फवारा आणि पंखा मिळाला, त्यांनी व्याल्यावर रोज काही लिटर जास्त दूध दिलं. ज्यांना मिळाला नाही, त्यांची वासरं हलकी जन्मली आणि चीक पाजूनही त्यांच्या अंगात रोगाशी लढणारी शक्ती कमी उतरली. कासेतल्या दूध तयार करणाऱ्या पेशी याच काळात नव्यानं वाढतात. फवारा एकच घेता येणार असेल, तर माझं मत असं की तो गाभण म्हशीच्या डोक्यावर आधी लावा.

माजाचं दुखणंही उन्हाचंच. म्हैस उन्हाळ्यात माजावर येते, पण ओरडत नाही, सोट पातळ असतो, दुपारी तर काहीच दाखवत नाही. याला मुका माज म्हणतात. पहाटे आणि रात्री झोपण्यापूर्वी गोठ्यात फेरी मारा, लघवी थोडी थोडी करते का, शेपटीचं मूळ उचलते का, दूध अचानक चोरते का ते बघा. रेतन केल्यानंतरचे आठ-दहा दिवस तिला गार ठेवणं, रेतनाच्या खर्चाइतकंच महत्त्वाचं आहे. याच दिवसांत कोवळा गर्भ उष्णतेनं जातो. हिसारची केंद्रीय म्हैस संशोधन संस्था आणि जवळ म्हटलं तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय यांच्याकडे याविषयी विचारणा करायला संकोच नको.

फडातला माणूस

दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या भागातून येणाऱ्या ऊसतोडणीच्या टोळ्यांना थंडीतून उन्हाकडे जाताना अंगाला सवय करून घ्यायला वेळ मिळतो. धोका असतो तो मध्येच आलेल्याला: फेब्रुवारीत नवा सामील झालेला जोडीदार, लग्नाला गावी जाऊन दोन आठवड्यांनी परतलेला कोयता, तापातून उठलेला माणूस. दक्षिण आफ्रिकेच्या खोल सोन्याच्या खाणींत उष्माघातानं मजूर मरू लागले, तेव्हा १९३० च्या दशकात आल्दो ड्रिओस्ती यांनी उष्ण खोलीत मजुरांची चाचणी घेऊन त्यांना हळूहळू कामाला लावण्याची पद्धत बसवली. शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं आणि त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेचा साधा ठोकताळा मुकादमांनी वापरावा: नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या कामाचा पाचवा हिस्सा द्यायचा आणि रोज तेवढाच वाढवायचा, परतलेल्या जुन्याला पहिल्या दिवशी निम्मं.

पाण्याबद्दलचं सर्वांत उपयोगी संशोधन ऊसतोडणीच्याच शेतातून आलं आहे. २००२ मध्ये एल साल्वादोरमधल्या डॉक्टरांनी लिहिलं की, ज्यांना ना मधुमेह ना रक्तदाब, अशा तरुण मजुरांची मूत्रपिंडं निकामी होताहेत. निकाराग्वाच्या ऊसपट्ट्यातही तेच दिसलं. नेमकं कारण काय यावर अजून वाद आहे, पण रोजची उष्णता आणि रोजचं कोरडं पडणं यांचा त्यात मोठा हात आहे याकडे पुरावा झुकतो. तिथल्या कारखान्यांनी फडात तंबूची सावली, ठरावीक विसावा आणि पाणी दिल्यावर मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाली. तमिळनाडूत विद्या वेणुगोपाल यांच्या गटानं मिठागरातल्या मजुरांची मूत्रपिंडं तपासली आणि उन्हाशी तसंच नातं दिसलं.

याच प्रश्नावर २०१४ मध्ये उंदरांवर केलेला एक प्रयोग प्रत्येक टोळीला सांगावा असा आहे. उंदरांचे दोन गट रोज उष्णतेत ठेवले. एकाला उष्णतेत असतानाच पाणी दिलं, दुसऱ्याला दिवसभर तहानलेलं ठेवून रात्री हवं तेवढं. दुसऱ्या गटाची मूत्रपिंडं बिघडली, पहिल्याची वाचली. संध्याकाळी खोपीवर जाऊन तांब्यावर तांब्या पाणी प्यायलं तरी दुपारचं नुकसान भरून येत नाही. पाणी कोयत्याजवळच हवं. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर प्या. मात्र तासाला दीड लिटरच्या वर नको, कारण नुसत्या पाण्यानं रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. तहान लागेपर्यंत थांबू नका. दुपारची लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक. ती गडद झाली तर पाणी कमी पडतंय. कोका-कोलासारखी तांबूस-काळी झाली तर स्नायू विरघळत आहेत, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कशाचं पाणी, यावरही संशोधन झालं आहे. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं की आतड्यात साखर आणि सोडियम हातात हात घालून आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. त्यांचे प्रयोग हॅमस्टर या छोट्या प्राण्याच्या आतड्यावर झाले होते. त्याच पायावर पुढे ओआरएस उभं राहिलं, १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी ते कॉलऱ्याच्या हजारो रुग्णांना पाजलं, आणि आज हगवण लागलेल्या रेडकाला पाजतो तेही त्याच तत्त्वावर बनलेलं असतं. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, याहून जास्त नाही. मीठ घातलेलं पातळ ताक फडासाठी उत्तम. शीतपेयाच्या बाटल्या मात्र टाळा: उन्हात कोरड्या पडलेल्या उंदरांना तसं गोड पाणी पाजलं तेव्हा मूत्रपिंडांची इजा वाढली, आणि उष्णतेत व्यायाम करणाऱ्या माणसांतही शीतपेयानंतर इजेच्या खुणा साध्या पाण्यापेक्षा जास्त दिसल्या. उसाचा रस हौसेनं एखादा पेला ठीक, तहान भागवायला नको.

आता गोळ्यांबद्दल. पाठ आणि खांदे भरून येतात म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊन मोळ्या वाहायला जाणं सर्रास चालतं. कोरड्या पडलेल्या शरीरात मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांमुळे कसंबसं चालू असतं, आणि ही गोळी नेमकी तीच द्रव्यं बंद करते. याच औषधाचा दुसरा अनुभव आपल्या गिधाडांनी घेतला. डायक्लोफेनॅक दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती, हे लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं. भारतात २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं. गोठ्यात दुखऱ्या जनावराला मेलॉक्सिकॅम मागा, आणि फडात जाण्यापूर्वी वेदनाशामक गोळी घेऊ नका.

बायकांचा प्रश्न निराळा. फडात आडोसा नाही म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. तेव्हा पाण्याच्या पिंपाआधी आडोसा हवा: चार बांबू, ताडपत्री, पाण्याचं एक डबडं. टोळी ज्याच्या शेतात उतरते त्या शेतकऱ्यानं एवढं करावं, असं मी आग्रहानं म्हणेन. पहाटे लवकर सुरू करून अकराच्या आत हात थांबवणं आणि चारनंतर पुन्हा धरणं हे ज्या टोळीला जमतं, तिथं मोळ्यांची संख्याही फारशी घटत नाही. बैलगाडीवाल्यांसाठी तर नियमच आहे: १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार तापमान ३७ अंशांवर असताना दुपारी बारा ते तीन बैल जुंपता येत नाही, आणि दिवसाला नऊ तासांवर काम घेता येत नाही. बैल सावलीत बांधला की गाडीवानही तिथंच बसतो. दोघांना विसावा मिळतो.

एक वही ठेवा. गोठ्यात दुपारचा श्वास, ताप, दोन्ही वेळचं दूध आणि दोन तापमापकांतला फरक. टोळीत नवा माणूस कोण आणि कितवा दिवस. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या खाटेशेजारी बसून नाडी-रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या, विषानं शरीरात काय होतं ते त्यातून ओळखलं आणि प्राझोसिन हे औषध उपचारात आणलं. ते कामही एका लहान गावात, नोंदींवर उभं राहिलं. एका उन्हाळ्याची तुमची वही पुढच्या वर्षी कोणत्याही सल्लागारापेक्षा तुमच्या गोठ्याबद्दल जास्त सांगेल.

आणि उष्माघात झालाच तर. माणूस उन्हात असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग चटका लागावं इतकं तापलं, तर घाम असो वा नसो, तो उष्माघात समजा. क्रम असा: आधी गार करा, मग हलवा. १०८ ला फोन लावून एकानं रस्त्यावर उभं राहावं, बाकीच्यांनी त्याला सावलीत घेऊन कपडे सैल करावेत आणि मोटारीचं किंवा पाटाचं पाणी अंगभर ओतत, जोरात वारा घालत राहावं. मोठं पिंप किंवा हौद जवळ असेल तर डोकं वर धरून गळ्यापर्यंत त्यात बसवावं. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जाईल. पॅरासिटामॉल देऊ नका. तापात मेंदूच शरीराचं तापमान वर ठेवतो आणि ती गोळी तिथं काम करते, उष्माघातात तसं काही नसतं, उलट यकृतावर भार पडतो. गाडी आल्यावरही ओलं फडकं आणि वारा चालू ठेवा. बरा होऊन आला तरी मूत्रपिंड आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी, निदान आठवडाभर कोयता धरू नये, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याला नवा माणूस धरून पहिल्या दिवशी कामाचा पाचवा हिस्साच द्यावा.